नारळाचं दूध

"मिल्श?"

फ्राऊ ग्रूनफेल्डनी चमचा ताटलीच्या कडेला टेकवला, रुमालाने ओठ टिपले आणि मुलाकडे बघून एवढा एकच शब्द विचारला.

मला तेव्हा जर्मन भाषेतले फार तर पंचवीस-तीस शब्द येत असतील, पण हा त्यांतला होता. मिल्श म्हणजे दूध. मला हसूच फुटलं. होणाऱ्या सासूबाईंनी आमच्या घरी घेतलेला हा पहिला घास, आणि त्यावर त्यांचा हा प्रश्न!

"काय म्हणतात विहीणबाई?" आई पदराला हात पुसत पुढे झाली. "तिखट लागलं काय?"

"मटणात दूध आहे का, विचारतायत."

"अगो बाय माझे! नारळ तो, विहीणबाई, नारळ!" आईने हवेतच खोवून दाखवलं, मग मूठ आवळून पिळून दाखवलं. "मी माझ्या हाताने खोवलाय सकाळी."

फ्राऊ ग्रूनफेल्ड आईकडे बघतच नव्हत्या. त्या एर्विनकडे बघत होत्या आणि एर्विन ताटलीतल्या रश्श्याकडे.

१९३९ सालचा ऑगस्ट होता. पुण्यातल्या रास्ता पेठेतलं आमचं दोन खोल्यांचं घर, शुक्रवारची संध्याकाळ. शब्बाथचा दिवा लागला होता, मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणून झाला होता. विहीणबाईंना पाटावर बसवायचं कसं, म्हणून शेजारच्या तालकरांकडून टेबल-खुर्च्या मागून आणल्या होत्या. टेबलाशी माझा थोरला भाऊ इझिकेल, आमचा दादा, बसला होता आणि त्याच्या शेजारी आमच्या मशिदीचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, रूबेनकाका. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. वहिनी बाळंतपणाला अलिबागला गेली होती, त्यामुळे रांधणं, वाढणं सगळं आई आणि मीच.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पणजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आमचे सगळे नियम धड पाळले जात होते असं नाही, पण एका नियमात कुणी कधी सूट घेतली नाही. मटण आणि दूध एका भांड्यात आलं की ते अन्न त्रेफा, निषिद्ध. म्हणून तर आमचं मटण नारळाच्या दुधात शिजतं. देवाने मटणाबरोबर दूध मना केलं आणि भरपाई म्हणून कोकणात माड लावले, असं बाबा म्हणायचे.

एर्विनला यातलं काहीच नवीन नव्हतं. डॉक्टर एर्विन ग्रूनफेल्ड. फ्रँकफुर्टमधल्या मोठ्या इस्पितळात तो सर्जन होता. नाझी आले आणि त्याला एका सकाळी दारावरूनच परत पाठवलं, ज्यू म्हणून. फिरत फिरत तो पुण्याला आला आणि कँपातल्या ज्या इस्पितळात मी नर्स होते तिथे लागला. एका शुक्रवारी दादाने त्याला घरी जेवायला बोलावलं. त्या दिवशी त्यानेही असाच चमचा खाली ठेवला होता, चेहरा पांढराफटक. आईने त्याला हाताला धरून उठवलं, ओसरीवर खोवणीसमोर बसवलं आणि अर्धा नारळ हातात दिला. त्याने बोट कापून घेतलं, आम्ही सगळे पोट धरधरून हसलो, तोही हसला. पुढची दोन वर्षं तो दर शुक्रवारी आमच्याकडे जेवला, आणि जेवून झाल्यावर ताटली पोळीने पुसून खायचा. आई त्याला 'आमचा गोरा कोकण्या' म्हणायची.

मी अठ्ठावीस वर्षांची होते. त्या काळच्या हिशोबाने पक्की घोडनवरी. वर रंगाने काळी. एर्विनने दादाकडे मला मागितलं तेव्हा आईने तीनदा विचारलं, "कोणाला? आमच्या सिम्हाला?" मी आतल्या खोलीत उभी होते. मला इतका आनंद झाला होता की मी दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

त्यानंतर फ्रँकफुर्टहून त्याच्या वडिलांची बातमी आली. त्यांना पकडून छावणीत नेलं होतं आणि तिथेच ते गेले. त्याची आई एकटी उरली. तिला इथे आणायचं तर सरकारला हमी हवी होती, की या बाईचे हिंदुस्थानात नातेवाईक आहेत आणि ते तिला सांभाळतील. दादा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता, त्याच्या सहीला किंमत होती. 'बहिणीची सासू' असं लिहून त्याने हमी दिली. जुलैच्या अखेरीला फ्राऊ ग्रूनफेल्ड मुंबईला बोटीतून उतरल्या. लग्न सुक्कोथचा सण झाला की करायचं ठरलं होतं.

तर त्या टेबलाशी एर्विन अखेर बोलायला लागला. जर्मनमध्ये, खालच्या आवाजात, बराच वेळ. मी कान देऊन ऐकत होते. कोकोसनुस, म्हणजे नारळ, हा शब्द त्यानेच मला त्या खोवणीपाशी शिकवला होता. मी त्या शब्दाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही.

"कोकोसनुस, मुटर," मीच म्हणाले. मुटर म्हणजे आई.

फ्राऊ ग्रूनफेल्डनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे निळे होते आणि सुंदर होते, ते मी खोटं कशाला सांगू.

"सिम्हा, तू थांब जरा," एर्विन इंग्रजीत म्हणाला. "मी बोलतोय ना."

"सांगितलंस ना तिला?" दादाने विचारलं. "नारळाचं आहे म्हणून?"

"सांगितलं."

"मग?"

"तिचा विश्वास बसत नाही. ती म्हणते, हे त्रेफा आहे."

रूबेनकाका घास घेता घेता थांबले. फ्राऊ ग्रूनफेल्ड उठल्या, सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेल्या. चुलीपाशी आईची मातीची मडकी ओळीने होती. त्यांनी एकेकावरचं झाकण उचलून वास घेतला. कोनाड्यात सकाळच्या चहाचं उरलेलं दूध पितळीत होतं. तिच्याकडे बोट दाखवून त्यांनी मुलाला नुसतं "दा!" म्हटलं. ते बघ! नंतर त्या मागच्या मोरीवर गेल्या, तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि चूळ भरून थुंकल्या. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा थुंकल्या. वरच्या गॅलरीत तालकरांच्या बायका उभ्या होत्या. त्यांनाही दिसावं असं, सावकाश, त्या बाईंनी आमचा घास मोरीत थुंकून टाकला.

आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती सारखी एर्विनचा हात धरून म्हणत होती, "डाक्टर, तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्ही तर खोवलायत हाताने. सांगा ना."

एर्विन मूग गिळून बसला होता. निघताना दारात तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मी समजावतो तिला. तू काही करू नकोस." आणि मी विश्वास ठेवला. माणूस प्रेमात असला की त्याला कान असून नसल्यासारखे असतात.

शनिवार गेला तो कसा गेला ते मला ठाऊक. शब्बाथला नारळ फोडता येत नाही, पिळता तर येतच नाही, त्यामुळे हात बांधून बसणं आलं. मशिदीत बायकांच्या बाजूला मी बसले तेव्हा दोघीजणी सरकून बसल्या. जर्मन बाई, तीही एवढ्या धार्मिक घरातली, ती उगाच उठेल का भरल्या ताटावरून? खाली पुरुषांच्या बाजूला प्रार्थना संपल्यावर दादाने एर्विनला गाठलं. घरी आला तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"म्हणतो, आई तयार नाही, मी तिच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नाही. म्हणतो, दोष तुमच्या चुलीत आहे. मी विचारलं, तुला माहीत नाही नारळाचं असतं ते? तर म्हणे, दर वेळी असतं, त्या दिवशी होतं का ते मी कसं सांगू!" दादाने टोपी खाटेवर आपटली. "दोन वर्षं गिळलं आमच्याकडे! यात काहीतरी काळंबेरं आहे. नातं नको ना? मग हमी कसली? सोमवारी कचेरी उघडली की मी सही मागे घेतो. पुढच्या बोटीने जाऊ दे म्हातारीला परत."

"परत कुठं?" आई म्हणाली. "तिकडं तर मारतायत म्हणे आपल्या लोकांना. नवरा मारला ना तिचा."

"ते त्यांनी मोरीत थुंकण्याआधी बघायचं होतं."

"दादा, उद्याचा दिवस दे मला," मी म्हणाले. "त्यांना खरंच दूध वाटलं असेल. मी डोळ्यांसमोर करून दाखवते. मग तर पटेल?"

दादाने टोपी उचलून खुंटीला अडकवली. तो रागीट होता, पण माझ्या लग्नासाठी तोही कासावीस होता.

रविवारी सकाळी मी एक नारळ, आईची खोवणी आणि मलमलीचं फडकं पिशवीत घेऊन कँपात गेले. एका पारशी बंगल्याच्या मागच्या बाजूला एर्विनच्या दोन खोल्या होत्या. तो इस्पितळात होता. फ्राऊ ग्रूनफेल्ड एकट्याच होत्या, खिडकीशी शिवत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत, दार लावूनही घेतलं नाही. मी वाकून नमस्कार केला आणि जमिनीवर बसले.

पायरीवर नारळ फोडला, पाणी जरा फरशीवर सांडलं. खोवला. तिथल्या स्टोव्हवर पाणी कोमट करून घेतलं, चव भिजवला, फडक्यात बांधून पिळला. वाटत होतं, आता त्या हसतील, कपाळाला हात लावतील, मला उठवतील. ग्लासात पांढरंशुभ्र दूध धरलं आणि मी तो त्यांच्यापुढे केला.

"कोकोसनुस. नाइन मिल्श, मुटर."

त्यांनी ग्लास घेतला. एक घोट घेतला, मग दुसरा. सगळा ग्लास रिकामा करून त्यांनी तो खिडकीत ठेवला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "शुक्रवारचं याहून दाट होतं."

हे त्या इंग्रजीत बोलल्या. माझ्या इंग्रजीपेक्षा कितीतरी शुद्ध इंग्रजीत. तीन आठवडे आम्ही सगळे त्यांना हातवारे करून चहा-पाणी विचारत होतो.

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"फ्रेंचही येतं. बस, उठू नकोस."

"मग तुम्हाला कळलं होतं? नारळाचं आहे ते?"

"माझा सगळा जन्म स्वयंपाकघरावर नजर ठेवण्यात गेला. गाईचं दूध आणि हे मला कळणार नाही? आणि चाखायचीही गरज नव्हती. तुमच्याकडे येताना टांग्यात एर्विननेच सांगितलं. म्हणाला, रस्सा पांढरा असेल, पहिल्या घासाला चमचा खाली ठेव. तो स्वतः एकदा फसला होता म्हणे."

इथून पुढे मी तिला अहो-जाहो म्हणणार नाही. जमत नाही मला.

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली ते. म्हणजे शब्द कळले. मी हातातलं ओलं फडकं पिळत राहिले, त्यात पिळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"एर्विनने?"

"त्याची कल्पना. मी दुसरं काही शोधलं असतं, पण त्याचं बरोबर होतं. दोष तुमच्या चुलीवर गेला की तुझा भाऊ मान खाली घालणार. मान खाली घातलेला माणूस हमी काढून घेत नाही."

"लग्न नको होतं तर सरळ सांगायचं."

"मग हमी राहिली असती?"

राहिली नसती, हे मला चांगलं माहीत होतं.

"माझा दीर न्यूयॉर्कला आहे," ती सांगायला लागली. शिवण तिने पुन्हा हातात घेतलं होतं. "तो आम्हा दोघांना बोलावून घेतोय. वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल. तोपर्यंत मला इथे राहायला मिळालं पाहिजे. तुझ्या भावाची सही मला हवी आहे. तू नको आहेस. तिथले कायदे हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसांना घेत नाहीत. तुझा रंग तिथे चालत नाही. आणि खरं सांगू? मलाही चालत नाही."

"मीही ज्यू आहे," मी म्हणाले. आज आठवलं की माझीच मला कीव येते, पण तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही.

"असशील. मला त्याचं काय करायचं आहे?"

मग आपणहूनच ती म्हणाली, "फ्रँकफुर्टला आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहायची. दर रविवारी माझ्या हातचा केक खाऊन जायची. तिच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला जागा हवी झाली. तेव्हा तिला आठवलं की आमच्या स्वयंपाकघराला वास येतो. आधी ती जिन्यात नाक धरायला लागली. मग केक परत पाठवला. मग पोलिसांना सांगून आली, ही माणसं घाण आहेत, यांच्यामुळे घरात रोगराई होते. महिन्याभरात घर तिचं झालं. वीस वर्षं मी तिला केक दिला होता. ज्याला बाहेर काढायचं, त्याचं अन्न आधी घाण ठरवायचं. फार सोपं असतं ते. कुणी पुरावा मागत नाही."

तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. एखाद्या बाईने दुसरीला पाककृती सांगावी तसं ती मला सांगत होती.

"हे मी घरी सांगितलं तर?" मी विचारलं. "दादा उद्याच सही मागे घेईल."

"घेईल. मग मला बोटीत बसवतील. मी परत गेले की माझं काय होईल ते तुला माहीत आहे, तू वर्तमानपत्र वाचतेस." तिने दोरा दातांनी तोडला. "पण तू सांगणार नाहीस. मी तीन आठवडे बघतेय तुला. मी आले तेव्हा माझे पाय सुजले होते, तू रात्रपाळी करून आलीस आणि तरी दोन तास शेक देत बसलीस. असली मुलगी कुणाला मरायला पाठवत नाही. चांगल्या माणसांचा हाच तर उपयोग असतो."

मी खोवणी पिशवीत घातली. करवंट्या घातल्या. उठून दारापर्यंत गेले.

"फरशी," ती म्हणाली. "चिकट झालीय. पुसून जा."

आणि मी पुसली. गुडघे टेकून, कोपऱ्यापर्यंत पुसली. का पुसली ते विचारू नका. मला त्या क्षणी तिचा इतका राग येत होता की हात कुठेतरी गुंतवणं भाग होतं.

कँपापासून रास्ता पेठेपर्यंत मी चालत आले. वाटेत रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. एर्विनसाठी रडले. म्हातारी परकी होती, तिने मला कधी पोळीचा तुकडा मोडून भरवला नव्हता. टांग्यात बसून तो तिला शिकवत होता, पहिल्या घासाला ठेव म्हणून, हे राहून राहून माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. एक मन म्हणत होतं, सांगून टाक दादाला. जाऊ दे म्हातारीला बोटीने, जाऊ दे एर्विनला तिच्या मागे. पेठेच्या कोपऱ्यावर येईपर्यंत मी सांगायचंच ठरवलं होतं. पुढच्याच महिन्यात लढाई पेटली. तेव्हा ती तिकडे असती तर काय झालं असतं हे आज शाळेतली पोरंही सांगतील. पण मला ते कळायला लढाईची गरज नव्हती. सुजलेले पाय मी हातात घेतले होते तिचे.

घरी दादा माझी वाटच बघत होता. रूबेनकाकांनाही त्याने बोलावून बसवलं होतं, उद्या कचेरीत साक्षीला म्हणून. आई चुलीपाशी तांदूळ निवडत होती.

"काय झालं?" दादाने विचारलं. "पटलं तिला? की नाटक करतायत दोघं? सिम्हा, खरं सांग. नाटक असेल तर उद्या दहा वाजता मी कचेरीतल्या त्या टेबलाशी उभा असेन."

मी पिशवी खाली ठेवली.

"त्यांची काही चूक नाही, दादा. ते दूधच होतं."

"काय?"

"आईने खोवलेला नारळ खवट निघाला. ती अंघोळीला गेली होती तेव्हा मी पिळला, वास यायला लागला, मोरीत टाकला. दुसरा नारळ घरात नव्हता. दिवस बुडायला आला होता, पाहुणे यायचे होते. मी पितळीतलं दूध घातलं."

"गाईचं?"

"हो."

रूबेनकाकांनी तोंडावर हात धरला. त्यांनी शुक्रवारी दोनदा मागून घेतलं होतं. साठ वर्षांत त्यांच्या तोंडात निषिद्ध घास गेला नव्हता आणि मी त्यांना खोटंच सांगत होते की गेला. त्या म्हाताऱ्याने माझं काय वाकडं केलं होतं?

दादा उठून माझ्यासमोर आला. त्याने हात उचलला. मला वाटलं, मारेल, मारलं तर बरं होईल. पण त्याचा हात तसाच खाली गेला.

"आणि एर्विन? त्याला ठाऊक होतं?"

"त्याला लगेच कळलं. माझी लाज राखायला तो गप्प बसला."

एवढं एक वाक्य बोलताना मात्र माझी जीभ अडखळली. बाकी सगळं सरळ बोलले.

"खोटं," दादा म्हणाला. "तू कुणाला तरी पाठीशी घालतेयस." तो गर्रकन वळला. "आई, तू जेवलीस ना शुक्रवारी? मला एक वेळ कळणार नाही, मला आमटी आणि कढी सारखीच. पण तुला? तू जन्मभर हे रांधलंस. तुला गाईचं दूध कळलं नाही?"

सगळे आईकडे बघायला लागले. मीही बघितलं. हे मी धरलंच नव्हतं. वाटेत सगळा विचार केला, नारळ खवट केला, दिवस बुडवला, आणि आईची जीभ विसरले. तिने तो रस्सा खाल्ला होता. तो कशाचा होता हे जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर तिला.

आईने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. माझे रडून सुजलेले डोळे, हातातली पिशवी, गुडघ्यांवर ओली झालेली साडी, सगळं तिने बघितलं.

"कळलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या घासालाच कळलं. पाहुण्यांसमोर कशी बोलू? पोर माझी आहे."

दादा मटकन खाटेवर बसला. त्याने मान खाली घातली. "मग आता कुठल्या तोंडाने मी कचेरीत जाऊ?" तो म्हणाला. "आपणच त्यांचा धर्म बुडवला. राहू दे म्हातारीची हमी. निदान तेवढं तरी करू." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला आता कोण करून घेणार ते बघ."

ते खरंच होतं. गॅलरीतून तालकरांच्या बायका ऐकतच होत्या. दिवाळीच्या आत ही गोष्ट अलिबागेपर्यंत पोचली, आणि त्यानंतर आमच्या दारात माझ्यासाठी कुणी आलं नाही.

"शेगुलाबाई," रूबेनकाका आईला चाचरत म्हणाले. त्यांना बोलवत नव्हतं. "तांब्या-पितळेचं उकळून घेता येईल. मातीचं मात्र... मातीचं शुद्ध होत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे," आई म्हणाली.

ती उठली. चुलीपाशी मडकी होती, मटणाचं, भाताचं, माशांचं वेगळं, हलव्याचं मोठं. काही तिच्या सासूने दिलेली होती, वापरून वापरून आतून काळी कुळकुळीत झालेली. आईने पदर खोचला, पहिलं मडकं दोन्ही हातांनी उचललं, मोरीवर नेलं आणि दगडावर आपटलं. वर गॅलरीत कुणीतरी "अगो बाई" म्हणालं. आईने मान वर केली नाही. दुसरं मडकं मी आणून दिलं, तिने तेही फोडलं. एकही मडकं बाटलेलं नव्हतं, आणि ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

तिसरं द्यायला मी वाकले तेव्हा तिचं तोंड माझ्या कानाशी आलं.

"राहील ना गो आता ती म्हातारी इथं?" तिने हळूच विचारलं. "नाही ना पाठवणार परत?"

"नाही," मी म्हणाले. "राहील."

"मग ते हलव्याचं मोठं आण," आई म्हणाली.